कुणाच्या कानाची उंची?

बऱ्यापैकी स्टिरिओ स्पीकर विकत घेतले की खोक्यात एक माहितीपत्रक निघतं. त्यात बहुतेक वेळा एक चित्र असतं. समोर दोन स्पीकर, त्यांच्यापासून सारख्या अंतरावर एक सोफा, सोफ्यावर एक माणूस. तिन्ही बिंदू जोडून काढलेला समभुज त्रिकोण. आणि खाली सूचना : ट्वीटर कानाच्या उंचीवर ठेवा.

सूचना बरोबरच आहे. कुणाच्या कानाच्या, एवढं मात्र तिच्यात लिहिलेलं नसतं. लिहायची गरज वाटत नाही, कारण चित्रातल्या माणसाने ते आधीच ठरवून टाकलेलं असतं. तो सोफ्यावर बसतो, पाठ टेकतो आणि त्याचा कान जमिनीपासून साधारण ९० ते १०० सेंटिमीटरवर येतो. टॉवर स्पीकरमधला ट्वीटर बहुतेकदा याच उंचीच्या आसपास बसवलेला असतो. लहान स्पीकरसाठी सर्रास मिळणारे ६० सेंटिमीटरचे स्टँडसुद्धा याच माणसाच्या हिशेबाने बनतात.

माझे मामा त्या चित्रात नाहीत. ते साताऱ्यात राहतात, सैन्यातून निवृत्त झालेत, आणि नोकरीत असताना झालेल्या एका अपघातानंतर गेली अनेक वर्षं व्हीलचेअर वापरतात. मी सांगलीत असते. गेल्या वर्षी त्यांच्या हॉलसाठी स्पीकर निवडायचं काम माझ्याकडे आलं, आणि त्यातून असा प्रश्न पुढे आला की ज्याचं उत्तर कुठल्याच माहितीपत्रकात नव्हतं. एका खोलीत तीन वेगवेगळ्या उंचींवर कान असतील, तर खोली कुणासाठी जुळवायची?

आधी थोडं विज्ञान, कारण त्याशिवाय हा सगळा लाडाकोडाचा मामला वाटेल.

आवाज जितका खर्जातला, तितकी त्याची लहर लांब. १०० हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळपास साडेतीन मीटर भरते. ती खोलीभर पसरते, तिला कानाची उंची फारशी कळत नाही. १० हजार हर्ट्झची लहर मात्र जेमतेम साडेतीन सेंटिमीटरची. झांजेचा किणकिणाट, तंबोऱ्याचा झंकार, शब्दातला 'स' हे सगळं वरच्या पट्ट्यात असतं, आणि हा पट्टा टॉर्चच्या झोतासारखा समोर जातो. झोताबाहेर बसलं की तो मंद होतो.

दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते. नेहमीच्या स्पीकरमध्ये खाली वूफर आणि वर ट्वीटर असतो. साधारण दोन ते तीन हजार हर्ट्झच्या आसपास एकाचं काम संपून दुसऱ्याचं सुरू होतं, आणि त्या सांध्यावर दोघंही एकाच वेळी वाजत असतात. कान ठरलेल्या उंचीवर असेल तर दोघांचे आवाज हातात हात घालून पोचतात. कान खूप वर किंवा खूप खाली गेला, की एकाला दुसऱ्यापेक्षा थोडा जास्त रस्ता कापावा लागतो, लहरी मागेपुढे होतात आणि काही आवाज एकमेकांना खाऊन टाकतात. नेमका हाच पट्टा माणसाच्या बोलण्यातली व्यंजनं स्पष्ट करतो. म्हणून उंची चुकली की गाणं बेसूर होत नाही, पण शब्द पुसट होतात. आपल्याकडच्या दहा बाय बाराच्या हॉलमध्ये हे जास्त जाणवतं, कारण माणूस स्पीकरच्या जवळ बसतो. आणि जितकं जवळ, तितका उंचीतल्या फरकाचा कोन मोठा.

हे सगळं डोक्यात ठेवून मी टेप घेऊन साताऱ्याला गेले आणि मोजमाप केलं. मामा त्यांच्या रोजच्या खुर्चीत, रोजच्या गादीवर बसलेले असताना त्यांचा कान ११८ सेंटिमीटरवर होता. सोफ्यावर मी : ९८.

बहुतेकांना हे उलटं वाटतं. व्हीलचेअर म्हटलं की आपल्या मनात 'खाली' असा शब्द येतो, कारण आपण तिच्याकडे उभ्याने बघतो. प्रत्यक्षात व्हीलचेअरची बैठक साधारण ५० सेंटिमीटरवर असते, वर गादी येते, आणि पाठ बरीच ताठ राहते. सोफ्यात माणूस रुततो, मागे रेलतो. मामा आमच्यापेक्षा वीस सेंटिमीटर उंचावरून ऐकत होते, आणि घरातल्या प्रत्येकाने आजवर असंच गृहीत धरलं होतं की त्यांच्यासाठी काही करायचंच, तर स्पीकर खाली घ्यायला हवेत. दया दाखवतानाही आपण मोजत नाही, अंदाज करतो. तो अंदाज प्रेमाने केलेला असला तरी चुकतो, आणि ज्याच्यासाठी केला त्याला तो निमूटपणे ऐकून घ्यावा लागतो.

सांगलीपासून दहा-बारा किलोमीटरवर मिरज आहे. तिथल्या सतारमेकर गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या सतारी आणि तंबोरे बनतात. २०२४ साली या दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथे तंबोरा घ्यायला गेलं तर कारागिराचा पहिल्याच काही प्रश्नांपैकी एक असतो : पट्टी कोणती? पुरुषाच्या काळी एकच्या आवाजाला मोठ्या भोपळ्याचा, लांब दांडीचा तंबोरा लागतो. बाईच्या काळी चार-पाचला लहान. मग घोडीवरची जवारी त्या स्वराला अनुसरून घासून घासून जुळवली जाते, तारेखाली सुताचा धागा केसभर इकडे-तिकडे सरकवत. एका गायकासाठी लावलेली जवारी दुसऱ्याला चालेलच असं नाही.

या सगळ्याला मिरजेत कुणी 'विशेष सोय' म्हणत नाही. गायिकेला लहान तंबोरा दिला म्हणून तिच्यावर उपकार झाले, असं कुणाच्या मनातही येत नाही. वाद्य माणसाच्या मापाचं असावं ही तिथे कारागिरीची पहिली अट आहे. मग मामांच्या कानाची उंची विचारली की दुकानदारापासून नातेवाइकांपर्यंत सगळ्यांना ती 'खास मागणी' का वाटते?

मला वाटतं, याचं उत्तर त्या माहितीपत्रकातल्या चित्रात आहे. सोफ्यावरच्या माणसासाठी केलेलं माप दिसेनासं झालंय. ते इतक्या वेळा केलं गेलंय की आता त्याला माप न म्हणता 'स्टँडर्ड' म्हणतात. साठ सेंटिमीटरचा स्टँड हीसुद्धा कुणाची तरी सोयच आहे. फक्त ती मागावी लागत नाही. मामांना हवा असलेला पंच्याहत्तरचा स्टँड मागावा लागतो, म्हणून तो मेहेरबानी ठरतो.

ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात लेस्बॉस बेटावरच्या गवंड्यांचा दाखला दिला आहे. ते शिशाची पट्टी वापरत. शिसं मऊ असल्यामुळे ती पट्टी दगडाच्या आकाराप्रमाणे वाकायची. कायदा सरसकट बोलतो, माणसं सरसकट नसतात, म्हणून न्यायाला अशा वाकणाऱ्या पट्टीची गरज पडते, असं त्याचं म्हणणं. मराठीत एकाच शब्दात मोजायची पट्टी आणि गायची पट्टी दोन्ही येतात, त्यामुळे मिरजेचा कारागीर आणि लेस्बॉसचा गवंडी मला एकाच गल्लीतले वाटतात.

इथपर्यंत सगळं सोपं आहे. अवघड भाग पुढे आहे, कारण स्टिरिओत सगळ्यात चांगली जागा एकच असते.

दोन्ही स्पीकरांपासून सारख्या अंतरावर बसलं तर गायक मधोमध बसून गातोय असं वाटतं. दीड-दोन फूट बाजूला सरकलं, की तो उठतो आणि जवळच्या स्पीकरमध्ये जाऊन बसतो. तंबोरा ज्याचा त्याचा वेगळा असू शकतो. हॉल मात्र सगळ्यांचा एकच. म्हणजे कुणाला तरी मधली जागा द्यायची म्हणजे दुसऱ्या कुणाकडून तरी ती काढून घ्यायची.

याबाबतीत घरात तीन मतं पुढे आली. तिन्ही वाईट हेतूने मांडलेली नव्हती.

पहिलं : सोफ्यावर तिघं बसतात, व्हीलचेअरवर एकच. बहुमत सोफ्याचं. दुसरं मत जरा दबक्या आवाजात आलं. मामांचं वय साठीच्या पुढे, त्यात आयुष्यभर बंदुका-तोफांचे आवाज. त्यांना वरचे स्वर तसेही कमीच ऐकू येत असणार, मग ट्वीटर कुठे का असेना! तिसरं माझ्या पिढीचं : चांगला हेडफोन घेऊन द्या, उंचीचा प्रश्नच मिटला.

पहिली दोन मतं म्हणजे खरं तर एकच हिशेब आहे : जिथे जास्त सुख निर्माण होतं तिथे साधनं द्या. अमर्त्य सेन यांनी १९७९ साली 'समता कशाची?' असा प्रश्न विचारणारं एक व्याख्यान दिलं, त्यात त्यांनी याच हिशेबावर बोट ठेवलं होतं. एखाद्या माणसाला अपंगत्वामुळे त्याच पैशातून इतरांपेक्षा निम्मंच सुख मिळत असेल, तर एकूण सुखाची बेरीज वाढवू बघणारा हिशेबनीस त्याला आणखी कमी देईल. आधीच कमी मिळतंय, म्हणून अजून कमी. सेन यांचा मुद्दा असा की कुणाला काय दिलं यापेक्षा, दिलेल्यातून तो काय करू शकतो, हे बघायला हवं. आमच्या हॉलमध्ये याचा अर्थ सरळ होता. मामांना वरचे स्वर कमी ऐकू येत असतील, तर उरलेले त्यांच्यापर्यंत नीट पोचणं माझ्यापेक्षा त्यांच्यासाठी जास्त गरजेचं. आणि मघाशी सांगितलेला दोन-तीन हजार हर्ट्झचा सांधा म्हणजेच ते उरलेलं. उंची चुकली की नुकसान तिथे होतं.

हेडफोनचं मत खोडायला जास्त वेळ लागला, कारण ते खरोखर कामाचं आहे. हे वाचताना तुमच्यापैकी अनेकांच्या कानात इअरबड असतील. त्यात उंची, खोली, भिंत काहीच आड येत नाही. पण मामांनी ते एका वाक्यात उडवलं. "म्हणजे तुम्ही पंगतीला बसणार, आन् माझं ताट खोलीत."

मराठीत पंक्तिप्रपंच असा फार नेमका शब्द आहे. एकाच पंगतीत बसवून एकाला तुपाची धार सोडायची आणि दुसऱ्याला वरण पातळ करून वाढायचं, त्याला तो वापरतात. ताट वेगळं नेऊन देणं हा त्याचा सभ्य प्रकार. अन्न तेच, कदाचित जास्त चांगलंही. फक्त माणूस पंगतीतून उठवलेला. गाण्याच्या बैठकीतही हेच घडताना मी पाहिलंय. सगळे जमिनीवर, गायकाच्या पातळीत. खुर्च्या मागे, भिंतीला लागून, 'पुढच्यांना आड येऊ नये म्हणून'. आणि भिंतीजवळ खर्ज साठतो, तबल्याचा डग्गा घुमतो, शब्द त्यात बुडतात. जागा सभ्यपणे दिलेली असते, पण तिथून ऐकू येतं ते वेगळंच.

दुकानात काय झालं तेही सांगते. मामा सहा महिन्यांनी तपासणीसाठी मिरजेला येतात, तेव्हा आम्ही सांगलीतल्या एका दुकानात गेलो. दाराला तीन पायऱ्या, ऐकायची खोली माडीवर. विक्रेत्याने स्पीकर खाली आणून जोडून दिले, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवं. पण तो प्रत्येक प्रश्न मला विचारत होता. "काकांना भजनं आवडतात का?" काका समोरच होते. शेवटी मामा म्हणाले, "अगं, त्याला सांग, पाय गेल्यात, कान हायेत." मग तो त्यांच्याशी बोलायला लागला आणि पुढचा अर्धा तास दोघांना माझी गरज पडली नाही. गमतीचा भाग म्हणजे तो स्वतः उभ्याने ऐकून मत देत होता. उभ्या माणसाचा कान दीड मीटरच्याही वर असतो, आणि जवळून ऐकताना तिथे तो सांधा सगळ्यात वाईट ऐकू येतो. सगळ्या दुकानांत सगळी गिऱ्हाइकं उभ्यानेच स्पीकर पसंत करतात आणि बसून ऐकायला घरी नेतात.

आपल्याकडे व्हीलचेअरवरच्या माणसासाठी दोन गोष्टी तयार असतात. एक दयेची, दुसरी शौर्याची. मुरलीकांत पेटकर सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या, १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर पोहण्यात भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं. २०१८मध्ये पद्मश्री मिळाली, २०२४मध्ये त्यांच्यावर सिनेमा आला. हा अभिमान रास्तच आहे. पण सातारा-सांगलीच्या पट्ट्यात, जिथे अपशिंगेसारख्या गावाच्या नावातच 'मिलिटरी' आहे, पेन्शनीत निघालेली, पदक न मिळालेली माणसंही पुष्कळ आहेत. त्यांना संध्याकाळी किराणा घराण्याचं गाणं नीट ऐकायचं असतं, इतकंच. दया आणि शौर्य या दोन्ही गोष्टींमध्ये आवडीनिवडी असलेल्या साध्या माणसाला जागा नाही. 'तुम्हाला कुठला स्पीकर आवडला?' हा प्रश्न त्यामुळेच मला महत्त्वाचा वाटतो.

शेवटी काय केलं? आम्ही समाक्ष स्पीकर घेतले, म्हणजे ज्यात ट्वीटर वूफरच्या मधोमध बसवलेला असतो. कल्पना जुनी आहे. ब्रिटनच्या टॅनॉय कंपनीने १९४७मध्येच असे स्पीकर आणले होते. दोन्ही आवाज एकाच बिंदूतून निघत असल्यामुळे कान वर-खाली झाला तरी सांधा फारसा विस्कटत नाही. स्टँड घेतला ७५ सेंटिमीटरचा, रुंद आणि जड बुडाचा, चाकाचा धक्का लागला तरी न कलंडणारा. ट्वीटर आला १०३वर. वायर भिंतीच्या कडेने पट्टीत बसवली, कारण जमिनीवरची वायर पुढच्या छोट्या चाकात अडकते. टीपॉय आणि गालिचा हलवला. या शेवटच्या दोन गोष्टींना काहीच खर्च आला नाही आणि सगळ्यात जास्त फरक त्यांनीच पडला. सोफा भिंतीचा कैदी असतो, तो घुमणाऱ्या खर्जातच बसतो. व्हीलचेअर मोकळ्या जमिनीवर वीतभर पुढे, वीतभर मागे घेऊन खर्ज जिथे नेमका बसतो ती जागा शोधता येते. मामांनी ती दहा मिनिटांत शोधली. आमच्यापैकी कुणाला ते कधी जमलं नव्हतं.

इथे लेख संपवता आला असता. पण त्या दिवशी टेप हातात होता म्हणून मी मामींचाही कान मोजायला गेले. मामी जमिनीवर, दिवाणाला पाठ टेकून बसतात, भाजी निवडतात, गाणं ऐकतात. "माझं कशाला गं मोजतीस?" त्या म्हणाल्या. त्यांचा कान ७१ सेंटिमीटरवर होता.

आता हिशेब करा. साठचा स्टँड ठेवला असता तर ट्वीटर ८८वर आला असता. मामा त्याच्या तीस सेंटिमीटर वर राहिले असते, मामी सतरा सेंटिमीटर खाली. आमच्या न्यायानंतर मामा पंधरा वर, मामी बत्तीस खाली. मामांच्या वाट्याची गैरसोय आम्ही उचलली आणि जवळपास तेवढीच मामींच्या पुढ्यात ठेवली. समाक्ष स्पीकरमुळे तिची धार बोथट झाली, हे खरं. ती नाहीशी झाली नाही.

कुणी म्हणेल, मामी सोफ्यावर बसू शकतात, मामा जमिनीवर बसू शकत नाहीत. ज्याला निवड आहे त्याने सरकावं. मला हा युक्तिवाद बराचसा पटतो. पूर्ण पटत नाही. मामी सोफ्यावर बसत नाहीत, कारण मांडीवर ताट असतं, कारण दर दहा मिनिटांनी उठून आत जावं लागतं, कारण मामांना काही लागलं तर त्याच उठणार असतात. त्यांची जमिनीवरची जागा ही किती निवड आणि किती सवय लावलेली निवड, हे टेपने मोजता येत नाही. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "मी काय, येता-जाता ऐकते." घरातला सगळ्यात कमी मोजला गेलेला कान तो होता, आणि त्यासाठी व्हीलचेअर असावी लागली नाही.

अपंग व्यक्तींच्या हक्कांसाठीचा आपला २०१६चा कायदा दोन वेगळ्या कल्पना मांडतो. एक सुगम्यता : गोष्ट बनवतानाच ती जास्तीत जास्त लोकांना वापरता येईल अशी बनवणं. दुसरी वाजवी सोय : एखाद्या विशिष्ट माणसासाठी, त्याच्या गरजेप्रमाणे, झेपेल असा बदल करणं. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४मध्ये राजीव रतुरी यांच्या खटल्यात या दोन्हींतला फरक उलगडून दाखवला आणि सुगम्यतेचे किमान नियम सक्तीचे करायला सरकारला सांगितलं. कायदा कुणाच्या हॉलमध्ये येऊन सोफा सरकवणार नाही, आणि येऊही नये. पण ते दोन शब्द घरात उपयोगी पडतात. समाक्ष स्पीकर आणि मोकळी जमीन ही आमची सुगम्यता. ती मामींनाही थोडी पोचते, पाहुण्यांनाही. वाजवी सोय म्हणजे सुताराकडून करून घेतलेल्या दोन सेंटिमीटरच्या लाकडी पाचरी. रात्री नऊनंतर, मामा एकटे ऐकत असतात तेव्हा, त्या स्पीकरच्या पुढच्या कडेखाली सरकवायच्या. स्पीकर किंचित वर बघायला लागतात आणि ट्वीटरचा झोत ११८वर येतो. चारचौघं असले की पाचरी काढायच्या. हे वेळापत्रक मामांनी ठरवलं. मी त्यांच्यासाठी कायमची मधली जागा राखून ठेवणार होते. त्यांना ती रोज एक तास हवी होती, आणि बाकीचा वेळ रांगेत, आमच्यासोबत, थोडं कमी चांगलं ऐकत बसायचं होतं.

तुमच्या घरी स्पीकर यायचे असतील, तर ब्रँड आणि वॉट बघण्याआधी टेप काढा. व्हीलचेअर असेल तर माणूस तिच्यात, त्याच्या गादीसकट, दमल्यावर बसतो तसा बसलेला असताना मोजा. सोफ्यावरचे मोजा. मग स्वयंपाकघराकडे बघा आणि तिथूनही एक आकडा घ्या. हे आकडे एका ओळीत येणार नाहीत. त्यांतला कुठला धरायचा हे मी सांगू शकत नाही, आणि कंपनीच्या चित्रातल्या माणसालाही ते ठरवू देऊ नका. ते ज्यांचे आकडे आहेत त्या सगळ्यांना एकत्र बसवून ठरवा, आणि कुणी "माझं कशाला?" म्हणालं तर टेप गुंडाळू नका.